सीमेवरची शाळा आणि मुलाची भाषा

बीदर शहराच्या जुन्या वस्तीत महमूद गवानाच्या मदरशाची भग्न वास्तू उभी आहे. बहमनी राज्याच्या या विद्वान वजिराने १४७२ साली ती उभारली. तीन मजली इमारत, रंगीत फरशांनी मढविलेला मिनार, मोठा ग्रंथसंग्रह आणि दूरदेशांहून आलेले अध्यापक असा त्या विद्यास्थानाचा लौकिक होता. ज्या भूमीला विद्येची अशी परंपरा लाभली, त्याच भूमीची गणना आज शिक्षणात मागे राहिलेल्या प्रदेशांत व्हावी, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत कर्नाटक राज्याचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा ७५ च्या थोडे वर होते. बीदर जिल्ह्यात ते सुमारे ७०, तर गुलबर्गा जिल्ह्यात सुमारे ६५ होते, आणि गुलबर्ग्यातील स्त्रियांपुरते पाहिले तर जेमतेम ५५ भरत होते. २०२५ साली दहावीच्या शालान्त परीक्षेच्या पहिल्या फेरीचा निकाल लागला, तेव्हा दक्षिण कन्नड जिल्ह्यातील शंभरांपैकी ९१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. कलबुर्गी जिल्ह्यात हीच संख्या ४२ होती आणि सर्व जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव अखेरचे होते.

या मागासलेपणाची कारणे अनेक आहेत, आणि त्यांची चर्चाही पुष्कळ झालेली आहे. पावसावर अवलंबून असलेली तुरीची व ज्वारीची शेती, पोटासाठी मुंबई, पुणे, हैदराबादकडे होणारे स्थलांतर, लहान गावांतून रिकाम्या राहणाऱ्या शिक्षकांच्या जागा ही त्यांतील ठळक कारणे होत. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली आपल्या अहवालात राज्यातील १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरविले. त्यांतील ३९ अत्यंत मागास होते, आणि त्या ३९ पैकी निम्म्याहून अधिक गुलबर्गा विभागात होते. परंतु या सर्व कारणांच्या मुळाशी आणखी एक कारण आहे, आणि ते पुरेसे लक्षात घेतले जात नाही. मूल घरी जी भाषा बोलते ती भाषा आणि शाळेत त्याला जी भाषा वाचावी लागते ती भाषा, यांच्यातील अंतर हे ते कारण होय. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील मराठी मुलांच्या बाबतीत या अंतराचा विचार केल्याविना शाळेचा प्रश्न पुरता समजणार नाही.

वास्तविक या प्रदेशाला अनेक भाषांचे वावडे कधीच नव्हते. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ज्या कल्याण नगरीत कन्नड वचनांतून लोकांना उपदेश केला, ते आजचे बसवकल्याण याच बीदर जिल्ह्यात आहे. मराठी घराघरांतून ज्याचे पारायण होते, त्या गुरुचरित्राचा कर्ता सरस्वती गंगाधर हा आळंद तालुक्यातील कडगंची येथील सायंदेवाच्या वंशातला. त्याच्या घरची भाषा कानडी होती असे मानले जाते, पण ग्रंथ त्याने मराठीत रचला. हुमनाबादजवळ माणिकनगर वसविणाऱ्या माणिकप्रभूंनी मराठीत, कन्नडात आणि हिंदीतही पदे रचली. आजही भालकीच्या किंवा आळंदच्या बाजारात एकच दुकानदार एका गिऱ्हाईकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात आणि तिसऱ्याशी दख्खनीत व्यवहार करताना दिसतो. लोक अशा रीतीने दोन-तीन भाषांत सहज वावरत राहिले. अडचण निर्माण झाली ती शाळेत.

तिचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेही उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचे उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता यात शंका नाही. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. प्राथमिक वर्गांत या भाषांना काही वाव असे, पण वरच्या शिक्षणाचा मार्ग उर्दूतूनच जाई. या परिस्थितीत समाजाने स्वतः शाळा उभारल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादचे विवेकवर्धिनी या दोन्ही संस्था १९०७ सालच्या. कन्नड भाषकांची स्थितीही वेगळी नव्हती. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टदेवरु यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकविले, ही गोष्ट त्या भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. आपल्या मुलाला आपल्या भाषेत अक्षर कळावे ही तळमळ तेव्हा मराठी आणि कन्नड या दोन्ही समाजांत सारखीच होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चार भाषांचा जुना बीदर जिल्हा तेव्हा तीन राज्यांत विभागला गेला. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे आले व पुढे महाराष्ट्रात राहिले. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला, ज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक असे झाले. सीमा कोठे असावी याविषयीचा वाद तेव्हापासून चालू आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयापुढे आहे. परंतु निवाडा केव्हा व कसा होईल याची वाट पहिलीतले मूल पाहू शकत नाही. त्याचे सहावे वर्ष एकदाच येते.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, एका शतकाच्या आत या भागातील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने वरच्या शिक्षणाची भाषा तीनदा बदलली. आजोबांना उर्दू शिकावी लागली, मुलाला कन्नड शिकावी लागली, आणि नातवाला इंग्रजीवाचून गत्यंतर नाही असे त्याच्या आईबापांना वाटू लागले आहे. घरातली भाषा मात्र तिन्ही पिढ्यांत मराठीच राहिली. राजभाषा बदलली म्हणून आईची भाषा बदलत नाही, हा अनुभव जगात अनेक ठिकाणी आलेला आहे. म्हणूनच युनेस्कोने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात मुलाच्या शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा असे स्पष्ट प्रतिपादन केले होते.

भारताच्या राज्यघटनेनेही हे तत्त्व मान्य केले आहे. राज्यपुनर्रचनेबरोबरच १९५६ साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि तीत ३५०-अ हे कलम समाविष्ट झाले. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे हे कलम सांगते. त्यापुढील ३५०-ब कलमाने अशा समाजांच्या संरक्षणाच्या तरतुदींवर लक्ष ठेवण्यासाठी एका विशेष अधिकाऱ्याची योजना केली. ही सोय केव्हा करावयाची याचे माप त्याआधीच, १९४९ साली, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते. एका वर्गात एका भाषेची १० मुले किंवा सबंध शाळेत ४० मुले असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा, असा तो संकेत आहे. पुढे याला आणखी एक उपयुक्त जोड मिळाली. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारे तीन महिने आधी पालकांची भाषेविषयीची निवड नोंदवून घेण्यासाठी नोंदवही ठेवावी आणि एका शाळेत संख्या कमी पडत असेल तर जवळच्या शाळांतील मुले एकत्र करून सोय करावी, अशी ही व्यवस्था आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा सर्व संकेत संख्येवर उभा आहे, आणि संख्या नोंदीवर उभी असते. गावात दहा मराठी मुले आहेत हे गावाला ठाऊक असते. परंतु ती नोंदवहीत नसतील तर शासनाच्या दृष्टीने ती नाहीतच. प्रवेशाच्या अर्जात मातृभाषेचा रकाना असतो. तो घाईने, कधी शिक्षकाच्या सोयीने, तर कधी पालकाच्या संकोचामुळे वेगळाच भरला जातो. मग दहाची संख्या सातवर येते, शिक्षकाची मागणी टिकत नाही, शिक्षक नाही म्हणून मुले घटतात, आणि मुले नाहीत म्हणून वर्ग बंद होतो. मराठी शाळा आकुंचन पावण्याचे हे एक साधे कारण आहे, आणि त्यावरील पहिला उपाय प्रत्येक पालकाच्या हाती आहे. मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवावयाचे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकातील माध्यमाच्या प्रश्नावरच दिलेला आहे.

त्याच निर्णयाने आणखी एक परिणाम घडवून आणला. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडातून द्यावे, असा कर्नाटक शासनाचा १९९४ चा आदेश होता. माध्यमाची अशी सक्ती करण्याचा अधिकार राज्याला नाही असे न्यायालयाने म्हटले, आणि इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांचा मार्ग मोकळा झाला. २०१९-२० या वर्षापासून शासनाने स्वतःच्याही एक हजार शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. दुसऱ्या बाजूने, २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमान्वये पहिली ते दहावीच्या सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकविणे आवश्यक झाले, आणि २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने आपला अहवाल शासनास सादर केला. किमान पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, अशी शिफारस त्यात आहे.

अशा स्थितीत औराद किंवा आळंद तालुक्यातील मराठी पालकापुढे तीन दरवाजे असतात. गावात मराठी शाळा असेल तर ती, नसेल किंवा नको असेल तर कन्नड शाळा, आणि ऐपत असेल तर तालुक्याच्या ठिकाणची इंग्रजी शाळा. मराठी शाळेत मूल लवकर वाचू लागते, पण पुढे तलाठ्याच्या कचेरीत, पोलीस भरतीत आणि राज्याच्या स्पर्धा परीक्षेत कन्नडावाचून त्याचे अडते. कन्नड शाळेत नोकरीची भाषा मिळते, परंतु पहिली दोन-तीन वर्षे वर्गात काय चालले आहे हे मुलाला उमगत नाही. इंग्रजी शाळेचा गणवेश सुरेख असतो. मात्र घरी कोणालाच येत नसलेल्या भाषेत मुलाचा अभ्यास कोण घेणार, हा प्रश्न उरतोच. पालक या तिहींपैकी कोणताही दरवाजा निवडोत, त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना मुलाची भाषाही हवी आहे आणि मुलाची भाकरीही हवी आहे. प्रश्न असा आहे की, या दोहोंत विरोध असलाच पाहिजे काय?

तो असण्याचे कारण नाही. हे समजण्यासाठी मूल वाचावयास कसे शिकते, हे पाहिले पाहिजे. वाचणे म्हणजे केवळ अक्षर ओळखणे नव्हे. अक्षरांची जुळणी करून मूल जो शब्द उच्चारते, तो त्याने पूर्वी ऐकलेला असला तर ते एकदम हसते. त्याला अर्थ लागलेला असतो. ‘विहीर’ हा शब्द अडखळत वाचणाऱ्या मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे आपल्या शेतातील विहीर उभी राहते. तेच मूल ‘बावी’ हा कन्नड शब्द वाचते तेव्हा त्याला ध्वनी कळतो, विहीर दिसत नाही. एकाच वेळी नवी लिपी, नवा शब्द आणि नवा अर्थ असे तिहेरी ओझे त्याच्यावर पडते. ते ओझे ज्याला पेलत नाही ते मूल पाठ करून वेळ मारून नेते. तिसरीपर्यंत ते शिक्षकाच्या लक्षात येत नाही. पाचवीत गणिताचे शाब्दिक उदाहरण समोर आले की उघड होते. आणि आठवी-नववीत तेच मूल शाळा सोडते. त्याला बुद्धी नव्हती असे मग लोक म्हणतात. वास्तविक त्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेच नव्हते.

याउलट, एकदा एका भाषेत वाचता येऊ लागले की ते कौशल्य दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. मराठी आणि कन्नड यांच्या बाबतीत तर हा लाभ विशेष आहे. दोन्ही लिप्यांची आकृती भिन्न असली तरी दोहोंचे मूळ ब्राह्मीत आहे आणि वर्णमालेचा क्रम एकच आहे. क, ख, ग, घ हा क्रम ज्याला आला, त्याला कन्नड अक्षरे केवळ नव्या वेषात भेटतात. र्‍हस्व व दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा कन्नडातील भेद तेवढा नव्याने शिकावा लागतो. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता असे कितीतरी शब्द मराठीला कानडीच्या शेजारातून मिळालेले आहेत. गणितात गुणाकार आणि भागाकार हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. बेरीज व वजाबाकी यांना मात्र कन्नड पुस्तकात संकलन आणि व्यवकलन म्हणतात. संस्कृतातून आलेली ही शास्त्रीय परिभाषा दोन्ही भाषांचे समाईक धन आहे. शिक्षकाने हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर अर्धे काम होते.

काही ठिकाणी तर कन्नड मराठी मुलाच्या मदतीलाच येते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर उच्चारले जातात, म्हणून लहान मूल ऐकून २५ च्या ऐवजी ५२ लिहिते. कन्नडातील ‘इप्पत्तैदु’ या शब्दात वीस आधी आणि पाच नंतर येतात, जसे ते लिहिले जातात. महाराष्ट्रात बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचविले, तेव्हा मोठा वाद माजला होता. सीमाभागातील मुलाला मात्र ही दोन्ही वळणे शेजारच्या अंगणातच ऐकावयास मिळतात. शिक्षक दोन्ही भाषा जाणणारा असेल तर ही अडचण न राहता तिचे साधन होते.

म्हणून या भागापुरता शिक्षणाचा क्रम असा असावयास पाहिजे. अक्षरओळख, वाचन आणि अंकगणित यांचा आरंभ घरच्या भाषेत व्हावा. त्याच्या जोडीने पहिलीपासून कन्नड तोंडी शिकवावी, म्हणजे गाणी, गोष्टी, बाजारातील वस्तूंची नावे आणि साधे संभाषण यांतून. वाचन पक्के झाल्यावर, दुसरी-तिसरीच्या सुमारास, कन्नड लिपी यावी. पाचवी-सहावीपासून शास्त्र व गणित यांची परिभाषा दोन्ही भाषांत द्यावी. असा मुलगा किंवा मुलगी दहावीला पोहोचेल तेव्हा तिला आपल्या भाषेत विचार करता येईल आणि राज्याच्या भाषेत अर्ज, उत्तर व भाषणही करता येईल. कन्नडची उपेक्षा करणारी मराठी शाळा मुलाचे हित करीत नाही, आणि मुलाची भाषा दाराबाहेर ठेवणारी कन्नड शाळाही ते करीत नाही.

या क्रमात सर्वांत कठीण जागा आठवीची आहे. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा गावात असली तरी माध्यमिक शाळा बहुधा दूर असते. कर्नाटकात शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. मराठी ही १२५ गुणांची प्रथम भाषा म्हणूनही घेता येते. तथापि जवळ मराठी हायस्कूल नसले तर सातवी झालेले मूल एकाएकी कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते. भूगोलातील ओळखीच्या गोष्टीही त्याला परक्या वाटू लागतात. गळती होते ती येथे. यावर उपाय फार खर्चाचा नाही. सातवीच्या अखेरीस किंवा आठवीच्या आरंभी दोन-तीन महिन्यांचा सेतुवर्ग घेऊन प्रत्येक विषयाची परिभाषा, उत्तरे लिहिण्याची पद्धत आणि प्रश्नपत्रिकेची भाषा शिकविली, तर पुष्कळ मुले तरून जातील. आठवीच्या पुस्तकातील महत्त्वाच्या शब्दांचा मराठी-कन्नड कोश हाताने लिहून वर्गात लावणे हे कोणत्याही उत्साही शिक्षकाला एका सुटीत करता येण्यासारखे आहे.

परंतु शिक्षकच नसेल तर हा सारा विचार कागदावर राहील. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने याबाबत स्पष्ट माप घालून दिले आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक असलेच पाहिजेत, आणि कोणत्याही सरकारी शाळेत मंजूर पदांपैकी शेकडा १० हून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे, असेही हाच कायदा म्हणतो. २०२२ साली कर्नाटकाने पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या १५,००० जागा भरण्याचे ठरविले, तेव्हा त्यांतील ५,००० याच विभागासाठी राखून ठेवल्या होत्या. जाहिरात निघाली म्हणजे जागा भरली असे होत नाही. मराठी जाणणारा पात्र उमेदवार मिळावा लागतो, आणि तो मिळण्यासाठी सीमाभागातील मराठी मुलामुलींनी शिक्षकी पेशाचे शिक्षण घ्यावे लागते. ज्या शाळेत आज अतिथी शिक्षकावर वर्ष निभावते, तिची दहा वर्षांनंतरची स्थिती आज अध्यापन पदविकेला कोण जातो यावर ठरणार आहे.

स्थानिक समाजाला या सर्वांत काय करता येईल? पुष्कळ करता येईल, आणि तेही कायद्याच्या आधाराने. कर्नाटकात २००१ पासून प्रत्येक सरकारी शाळेसाठी शाळा विकास व देखरेख समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कामच आहे. बैठकीच्या वहीवर सही करण्यापुरते सदस्यत्व ठेवले तर त्याचा उपयोग नाही. समितीने वर्षातून एकदा चार गोष्टी लिहून काढाव्यात : गावात शाळेच्या वयाची मुले किती, त्यांच्या घरच्या भाषा कोणत्या, मंजूर शिक्षक किती व हजर किती, आणि गेल्या वर्षी शाळा सोडलेली मुले कोण व का. हा एक कागद ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्याकडे गेला, तर मागणीला तोंड फुटते. ठराव मराठीबरोबर कन्नडातही लिहावा. तो वाचणाऱ्याला समजला पाहिजे.

भाषेखेरीज इतर प्राथम्येही आहेत, आणि त्यांचा निर्देश करावयास हवा. तांड्यावरील लमाणी मुलाला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा परक्याच असतात. त्याचा विचार मराठी व कन्नड भाषकांनी मिळून केला पाहिजे. सुगीच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलांसाठी गावातच राहण्याची सोय झाली तर त्यांचे वर्ष वाचते. हायस्कूलला जाणाऱ्या मुलीसाठी वेळेवर येणारी एस.टी. हीच शाळेची खरी भिंत आहे. मध्यान्ह भोजनाची ‘अक्षर दासोह’ योजना २००२ साली राज्यात प्रथम ज्या सात उत्तरेकडील जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत बीदर व गुलबर्गा होते. दासोह हा शब्द शरणांच्या परंपरेतला. अन्नाच्या पंक्तीत भेद नाही हा त्याचा भाव. मुलाला शाळेकडे ओढण्यात त्या पंक्तीने मोठे काम केले आहे.

पुढच्या शिक्षणाच्या वाटाही पालकांना ठाऊक असाव्यात. राज्यघटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने आलेल्या ३७१-जे कलमान्वये बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ व बळ्ळारी या जिल्ह्यांतील स्थानिकांसाठी शिक्षणसंस्थांत आणि नोकऱ्यांत जागा राखून ठेवल्या जातात. या विभागातील संस्थांत अशा जागांचे प्रमाण शेकडा ७० आणि राज्याच्या उरलेल्या भागात शेकडा ८ असे ठरविण्यात आले. त्यात भाषेचा भेद नाही. जन्माने वा रहिवासाने स्थानिक असणारा मराठी विद्यार्थी तितकाच पात्र आहे. मात्र त्याने उपविभागीय अधिकाऱ्याकडून पात्रतेचा दाखला वेळीच काढून ठेवला पाहिजे. त्याचप्रमाणे वादग्रस्त सीमाभागातील गावांत शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी वाट ठेवलेली आहे. एका दाखल्याच्या अभावी या दोन्ही वाटा हुकल्याचे दुःख फार वाईट असते.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवणे न्यायाचे होईल. सीमेच्या अलीकडे, सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि सांगली जिल्ह्यातील जत या तालुक्यांत कन्नड घरांतील मुले नेमक्या याच अडचणीतून जात आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारती कन्नड पुस्तके छापते. कर्नाटकातही मराठी पाठ्यपुस्तके छापली जातात. तरीही शिक्षक मिळत नाहीत, मुले घटतात, आणि आईबाप मुलाची भाषा व मुलाचे भवितव्य यांच्या कात्रीत सापडतात. भालकीच्या मराठी मुलासाठी जे मागावयाचे, ते अक्कलकोटच्या कन्नड मुलाला आनंदाने देण्याची तयारी असेल, तरच त्या मागणीला वजन येईल. दोन्ही राज्यांनी आपापल्या सीमेवरील शिक्षकांच्या प्रशिक्षणात, शब्दकोशांत आणि सेतुवर्गांच्या पुस्तकांत एकमेकांचे साहाय्य घेतले, तर त्यात कोणाचाही हक्क कमी होत नाही.

नोंदवहीतील एक रकाना खरा भरणे, समितीच्या बैठकीला हजर राहणे, मुलाला घरी रोज एक पान वाचावयास लावणे आणि शेजारच्या कन्नड मुलाशी त्याला खेळू देणे, ही कामे लहान दिसतात. परंतु नूतन विद्यालय ज्यांनी उभारले आणि उर्दू पाटीच्या आड ज्यांनी कन्नड शिकविले, त्यांच्याजवळही प्रारंभी याहून मोठे साधन नव्हते. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा औरादच्या किंवा आळंदच्या पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या मराठी मुलाला गुरुजींचे पहिले वाक्य समजले पाहिजे, आणि दहा वर्षांनी शाळा सोडताना त्याला आपल्या राज्याच्या भाषेत निर्भयपणे बोलता आले पाहिजे. या दोन गोष्टी ज्या शाळेत साधतील, ती सीमेवर असूनही कोणाच्या मागे राहणार नाही.